एका साच्याच्या पाच विटा

सूर्यभाननं उभ्या आयुष्यात टकोरा मारल्याशिवाय वीट घेतली नाही. डाव्या हातावर वीट, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवलेलं, दोन टकोरे आणि कान जवळ. खणखणीत वाजली तर पक्की. बद्द वाजली तर बाजूला. रंग बघून वीट घेणाऱ्याला तो गिऱ्हाईक म्हणत नसे, आंधळा म्हणे. पुढं पुढं ही सवय विटांपुरती राहिली नाही. टरबूज, मडकं, सोयरीक, पुढाऱ्याचं भाषण, डॉक्टरची गोळी, सगळ्यांवर त्याचा टकोरा असे. त्याची बायको कडूबाई म्हणायची, यमाचा रेडा दारात आला तरी हा माणूस आधी त्याची शिंगं वाजवून बघल.

सोनपेठहून गोदावरीकडं जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला त्याची वाडी लागते. दीड एकर कोरडवाहू रान आणि चार तोंडं, म्हणून दहाव्या वर्षीच त्याच्या डोक्यावर कच्च्या विटांची पाटी आली. विसाव्या वर्षी तो भट्टी रचायला लागला. भट्टी रचणं हे वीट वाहण्यासारखं नाही. वाहणाऱ्याला मान लागते, रचणाऱ्याला डोकं. भट्टीच्या बुडाशी जाळ घालायला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार पोकळी ठेवावी लागते. सूर्यभान तिला जाळाची वाट म्हणे. दोन विटा रुंद, तीन थर उंच. चौथ्या थराला तोंड मिटवायचं. ही वाट मोकळी असेल तर जाळ सगळ्या विटांना सारखा पोचतो. तुंबली तर भट्टी अर्धी कच्ची.

त्याची एक भट्टी अशी गेली होती. तेव्हा तो तिशीचा. जोडीदाराला विचारलं, वाट बघितली का? तो म्हणाला, बघितली. सूर्यभाननं विश्वास ठेवला आणि पेटवायला सांगितलं. आत मधोमध दोन विटा पडलेल्या होत्या. आठ दिवसांनी भट्टी उघडली तर निम्म्या विटा हातात माती होऊन आल्या. वीस दिवसांची मेहनत, बारा माणसांची. जोडीदार रडला. सूर्यभान रडला नाही, त्यानं एक नियम केला: दुसऱ्यानं बघितलं म्हणजे कुणीच बघितलं नाही. त्यानंतर अडतीस वर्षं प्रत्येक भट्टीच्या वाटेत तो स्वतः पालथा पडून कंदिलानं बघत आला. पुन्हा एकही भट्टी कच्ची निघाली नाही, आणि पुन्हा त्यानं कुणावर भरवसाही टाकला नाही.

आता कंबर गेली होती. रचणं बंद झालं. तरी सकाळी भाकरी खाऊन तो भुजंगरावांच्या भट्टीवर जाऊन बसे आणि नव्या माणसांच्या चुका काढी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. जा म्हणायचं धाडसही कुणाला नव्हतं.

मुलगा आणि सून दसऱ्याला ऊसतोडीला जात आणि शिमग्यानंतर परतत. त्यांची पोरगी पंकजा आजा-आजीजवळ राही. ती चौथीत होती. वाडीतल्या अर्ध्या घरांची हीच गत, त्यामुळं शाळा सुटली की चार-पाच लेकरं सूर्यभानच्या मागंमागं भट्टीवर येत. रिकामं बसलेलं माणूस त्याला बघवत नसे, मग ते नऊ वर्षांचं का असेना. तो त्यांना विटा मोजायला लावी. भट्टी पेटायच्या आधी मालकाला आकडा लागायचा. सूर्यभानला लिहिता येत नव्हतं, पण बोटांच्या पेरांवर तो हजारांचा हिशेब करी. लेकरं फरशीच्या तुकड्यावर कोळशानं करत. चुकलं की तो एवढंच म्हणे, "परत कर." कुठं चुकलं ते सांगत नसे.

माघ महिन्यात पंकजा एक कागद घेऊन आली. तालुक्यातल्या एका मंडळानं प्राथमिक शाळांसाठी गणिताची स्पर्धा ठेवली होती. सोनपेठला पेपर, त्यातून निवडलेली पोरं परभणीला. वाडीच्या शाळेतून पाच नावं गेली होती: पंकजा, माऊली, राजेश्री, पप्पू आणि बजरंग.

सूर्यभाननं कागद उलटा-सुलटा केला. त्याला त्यात शक घ्यायला बरंच सापडलं. एक म्हणजे स्पर्धा. कुस्ती समजते, एक खाली आणि एक वर. बसल्या जागी एका तासात कोण हुशार हे कसं ठरतं? मागल्या साली शेजारच्या गावानं अशाच कसल्या स्पर्धेचा फ्लेक्स फाट्यावर लावला होता. त्यावर तेवीस पोरांचे फोटो आणि तेवीस जणांचा पहिला नंबर. तेवीस पैलवान एकाच फडात जिंकलेले त्यानं कधी बघितले नव्हते.

दुसरं म्हणजे मास्तर. सिद्धोधन सर दोन वर्षांपूर्वी शाळेवर आले होते. तरणे, चष्मेवाले, रोज सोनपेठहून मोटारसायकलवर येणारे. स्पर्धेसाठी ते शाळेच्या आधी एक तास या पाच पोरांना घेऊन बसायला लागले. सूर्यभाननं चौकशी केली. या तासाचं त्यांना काही मिळत नव्हतं. इथंच त्याचा शक पक्का झाला. फुकट राबणारा माणूस एक तर येडा असतो, नाहीतर त्याला दुसरीकडून काही मिळणार असतं. आपण स्वतः भट्टीवर फुकट बसतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तीन दिवस तो शेळी चारायचं निमित्त करून सकाळी शाळेच्या मागच्या भिंतीला जाऊन उभा राहिला. मास्तर उत्तरं घोकून घेतोय का, हे त्याला ऐकायचं होतं. शेळीनं भिंतीकडेची बोरी सोलून काढली. आतून उत्तर एकदाही ऐकू आलं नाही. सर एवढंच म्हणत होते, "पुन्हा कर." तिसऱ्या दिवशी सूर्यभान शेळी घेऊन परत निघाला तेव्हा त्याला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मास्तर वाटतो त्यापेक्षा हुशार आहे, भिंतीमागं माणूस आहे हे त्यानं ओळखलंय, असंच त्याच्या मनानं घेतलं.

पेपर झाला. पंकजा हसत आली. सोपा होता म्हणाली. सूर्यभानला ते आवडलं नाही. सोपं म्हणणाऱ्याचा हात कुठंतरी चुकलेला असतो.

पंधरा दिवसांनी शाळेत पत्र आलं. वाडीच्या पाचही पोरांचा निकाल राखून ठेवला होता. एका प्रश्नाला पाचही जणांनी एकसारखं चुकीचं उत्तर लिहिलं होतं, आणि ती चूक अशी होती की बाकी तालुक्यात दुसऱ्या कुणीच केली नव्हती. म्हणून शनिवारी मुलांना घेऊन सोनपेठला यावं, समाधान झालं नाही तर शाळेचं नाव स्पर्धेतून काढलं जाईल. कोणता प्रश्न, कोणतं उत्तर, काहीच लिहिलं नव्हतं. सिद्धोधन सरांनी पत्र घरोघर जाऊन वाचून दाखवलं. 

सूर्यभाननं पत्र ऐकलं आणि पंकजाला समोर बसवलं.

"कुणाचं बघून लिव्हलंस?"

"कुणाचंच न्हाई."

"सरांनी सांगितलं?"

"न्हाई."

"मंग पाच जणांची चूक एकच कशी?"

पंकजाला ते सांगता येईना. पेपरात चाळीस प्रश्न होते, त्यातला कोणता हे तिला कुठं ठाऊक होतं? ती म्हणाली, मी माझं मी लिहिलं. सूर्यभाननं मान हलवली. ती हो म्हणणारी मान नव्हती.

"आयक," तो म्हणाला. "पाच विटांचा कोपरा एकाच जागी उणा निघाला, तर खोट मातीत नसती. साच्यात असती. तुमा पाच जणांचा साचा कोण हाय, ते मला पायजे. शनिवारी मी येणार हाय. तू चोरी केली आसंल तर तिथं समद्यांच्या आधी मीच सांगीन."

कडूबाई चुलीपुढून म्हणाली की, लेकराला पोलिसासारखं कामून धरलंय? तो म्हणाला, पोलीस विचारायच्या आधी घरच्यानं विचारलेलं बरं. पंकजा उठली आणि आजीपाशी जाऊन बसली. त्या दिवसापासून ती आजोबाशी बोलेना. पाण्याचा तांब्या आणून ठेवी, पण हातात देत नसे. खाली ठेवी.

चार दिवस सूर्यभाननं साचा शोधला. माऊलीच्या घरी गेला, राजेश्रीच्या गेला. पप्पूला नदीच्या वाटेवर अडवून विचारलं. बजरंगच्या आत्याला विचारलं, कारण बजरंग तिच्याकडं राहायचा. त्या बाईनं सांगितलं की, पोरगं दसऱ्याला आई-बापासंगं फडावर गेलं होतं, शाळा बुडायली म्हणून संक्रांत झाल्यावर मी त्याला परत आणलं, त्याला कशाला कोण पेपर सांगल? सूर्यभाननं हे ऐकून घेतलं आणि विसरला. त्याच्या मनात एकच नाव होतं. दर वेळी चौकशी सिद्धोधन सरांपाशी येऊन थांबे, आणि पुरावा एकही सापडत नसे. पुरावा सापडत नाही हाच त्याला मोठा पुरावा वाटायला लागला.

शनिवारी सर, पोरं आणि घरची मोठी माणसं एसटीनं सोनपेठला गेली. पंकजा राजेश्रीशेजारी बसली. सूर्यभान मागच्या बाकावरून सरांच्या मानेकडं बघत राहिला.

एका शाळेचा हॉल मंडळानं त्या दिवसापुरता घेतला होता. टेबलामागं दत्तराव बसले होते. हे मंडळाचे परीक्षक, रिटायर झालेले हेडमास्तर. पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी आधी सरांना पाणी विचारलं, मग बाहेर बाकावर बसायला सांगितलं, आणि सर उठल्यावर सरांची डायरी टेबलावरच ठेवून घेतली. सूर्यभाननं ते दारातून बघितलं. हा माणूस टकोरा मारणारा आहे, हे त्याला तिथंच कळलं. त्याला दत्तरावांबद्दल जरा आदर वाटला.

पोरांना एकेक करून आत बोलवायचं ठरलं होतं. पहिली पंकजा. दार उघडंच होतं, बाहेर सगळं ऐकू येत होतं.

दत्तरावांनी तिच्यापुढं तिचाच पेपर ठेवला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे उत्तर कसं काढलं? पंकजानं वाचलं. म्हणाली, हिशेब करून.

"आणि असा हिशेब तुला कुणी शिकवला?"

"आबानं."

"कोण आबा?"

"ते काय, दारात बसलेत."

बाकावरची सगळी माणसं सूर्यभानकडं वळली. माऊलीची आजी सरकून बसली. सिद्धोधन सर तर उभेच राहिले. चार दिवस साचा शोधत हिंडलेल्या माणसाचं नाव पोरीनं घेतलं होतं, तेही सरळ, मान वर करून.

दत्तरावांनी त्याला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. नाव, धंदा, शिक्षण विचारलं. शिक्षण नाही म्हटल्यावर चष्मा चढवून त्याच्याकडं नीट बघितलं. मग विचारलं, पेपर व्हायच्या आधी तुमच्याकडं कसा आला? सूर्यभानची कानशिलं तापली. या वयात त्याच्यावर असला आळ कुणी घेतला नव्हता. पण त्याची जीभ उचलली नाही, कारण दत्तरावांच्या जागी तो असता तर त्यानंही हेच विचारलं असतं.

तो म्हणाला, "परश्न काय हाय, तेवढा वाचा."

दत्तरावांनी वाचला. एका वीटभट्टीवर विटांची रास रचली आहे. लांबीला बारा विटा, रुंदीला आठ विटा आणि दहा थर. तर एकूण विटा किती?

सूर्यभाननं डोळे मिटले. अंगठा पेरांवरून फिरला.

"आठशे अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला.

तो आकडा तोपर्यंत कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. तो पोरांच्या पेपरात होता आणि दत्तरावांना ठाऊक होता.

दत्तरावांनी चष्मा काढला. "बाबा," ते हळूच म्हणाले, "याचं खरं उत्तर नऊशे साठ आहे. बारा आठे शहाण्णव, दहा थर, नऊशे साठ. तुम्ही जे सांगताय, ते फक्त या पाच पोरांनी लिहिलेलं आहे. आता मी काय समजू?"

"समजा काय समजायचं ते," सूर्यभान म्हणाला. "पर जाळाची वाट कोण वजा करणार?"

मग त्यानं टेबलावरच्या खडूच्या पेट्या ओढल्या आणि रचायला घेतलं. बुडाशी दोन पेट्यांची जागा मोकळी सोडली, तीन थर चढवले, चौथ्याला तोंड मिटवलं. कंबर ठणकत होती, हात थांबले नाहीत. दोन विटांची रुंदी, तीन थरांची उंची, म्हणजे सहा. बारा विटांची लांबी, म्हणजे बाहत्तर. एवढ्या विटा भट्टीत नसतातच. नऊशे साठातून बाहत्तर गेले, आठशे अठ्ठ्याऐंशी. भट्टी पेटायच्या आधी मार्गशीर्षात या पोरांना हे त्यानंच शिकवलं होतं. जाळाची वाट वजा न करणाऱ्याला भट्टीवर यायचं नाही, असा दमही त्यानंच भरला होता.

दत्तराव वाकून पेट्यांच्या पोकळीतून पलीकडं बघत राहिले. म्हणाले, बाहेरून तर भट्टी भरीव दिसते.

"बाहेरून समदंच भरीव दिसतं, सर."

दत्तरावांना हे पटलं, पण पुरतं नाही. आजोबा सांगतोय ते खरं असेल, पण पोरांना खरंच येतं का एकाचं बघून पाचांनी लिहिलं, हे कसं कळणार? हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते बोलायच्या आधी सूर्यभानच बोलला. माझ्या बोलण्यावर जाऊ नका. पाच पोरं पाच जागी बसवा, तोंडं भिंतीकडं करून. दुसरी भट्टी द्या, रुंदी बदलून द्या. मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहतो, मास्तरालाही माझ्याबरोबर द्या.

फाटकाबाहेर तो आणि सिद्धोधन सर शेजारी-शेजारी उभे राहिले. मग सर म्हणाले, "ती बोरी तुमच्या शेळीनं खाल्ली का हो?" सूर्यभान रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं बघत राहिला. ट्रॅक्टर गेल्यावर म्हणाला, "हाव."

सगळ्यांना आत बोलावलं तेव्हा पाच चिठ्ठ्या टेबलावर पालथ्या ठेवलेल्या होत्या. दत्तरावांनी आधी त्यालाच विचारलं. लांबी दहा, रुंदी सोळा, थर दहा. भट्टी. उत्तर काय?

सूर्यभाननं पेरं मोजली. "चौदाशे ऐंशी. आठाला एक वाट लागती, सोळाला दोन. दोन्हीच्या मिळून एकशे वीस गेल्या."

दत्तरावांनी चिठ्ठ्या उलटल्या. पंकजा, चौदाशे ऐंशी. माऊली, चौदाशे ऐंशी. राजेश्रीची तीच. पप्पूनं आधी काहीतरी खोडलं होतं, पण खाली तोच आकडा. पाचवी बजरंगची. सोळाशे.

"हा एकटा पुस्तकाप्रमाणं बरोबर आहे," दत्तराव म्हणाले.

सूर्यभाननं बजरंगकडं बघितलं. आत्याचं बोलणं त्याला आत्ता आठवलं. दसऱ्याला गेला, संक्रांतीनंतर आला. भट्टी मार्गशीर्षातली. त्या दिवसांत हे पोरगं उसाच्या फडात होतं. जाळाची वाट त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मग पेपरात आठशे अठ्ठ्याऐंशी त्यानं लिहिलं कुठून?

चोरी केली असेल तर समद्यांच्या आधी मीच सांगीन, असं तो म्हणाला होता. ते पंकजाला म्हणाला होता. आता पंकजा त्याच्याकडंच बघत होती, आजोबा आपल्या शब्दाचं काय करतो ते. सूर्यभानचं तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बद्द वाजलेली वीट दिसत होती आणि बाजूला काढावीशी वाटत नव्हती.

त्याला बोलायची वेळ आली नाही. दत्तराव काही कच्चे नव्हते. त्यांनी बजरंगचा पेपर काढला, चष्म्याजवळ नेला आणि उजेडाकडं धरला. आठशे अठ्ठ्याऐंशीच्या खाली खोडरबराचा काळपट डाग होता. त्या डागाखाली पुसट नऊशे साठ दिसत होतं.

"बाळा, हे बरोबर होतं. खोडलं कशाला?"

बजरंग फरशीकडं बघत म्हणाला, "पंकजी माझ्या म्होरं बसली होती. तिचं येगळं दिसलं. ती माझ्यापरीस हुशार हाय. म्हून मला वाटलं, माझंच चुकलं."

स्वतःच्या कष्टाचं खरं उत्तर खोडून त्यानं दुसऱ्याचं चुकीचं घेतलं होतं. सूर्यभानला वाटलं, शक घ्यायचा तो या पोरानं एकट्या स्वतःवर घेतला, जिथं घ्यायला नको होता नेमका तिथं.

निकाल दत्तरावांनी तिथंच सांगितला. चौघांवरचा आळ गेला. बजरंगला यंदा स्पर्धेबाहेर ठेवायचं, पुढल्या साली यायला मोकळीक. शाळेचं नाव राहील. पण त्या प्रश्नाचा गुण चौघांना मिळणार नाही.

या शेवटच्या गोष्टीवर सिद्धोधन सर बोलायला लागले. पंकजा आणि राजेश्री गुण कापूनही परभणीला जात होत्या. पप्पू तसाही मागं होता. पण माऊली बरोबर एका गुणानं राहत होता. सर म्हणाले, पोरांनी कष्टाचं, खऱ्या भट्टीचं उत्तर लिहिलंय, गुण द्यायला पाहिजे. दत्तराव विचारात पडले. ते देतीलसं दिसायला लागलं. माऊलीची आजी हात जोडून पुढं झाली.

"देऊ नका," सूर्यभान म्हणाला.

माऊलीच्या आजीचे जोडलेले हात खाली आले.

"परश्नात रास म्हणलंय. भट्टीवर रचलेली रास. राशीला कोण जाळ घालतंय? रास भरीवच असती. पोरांनी वीटभट्टी हे नाव वाचलं आन् म्होरचं वाचलं न्हाई. मीबी तसंच केलं. आयकलं न्हाई नीट, सांगून मोकळा झालो." त्यानं रचलेल्या पेट्या मोडल्या. "खोट साच्यातच हाय. साचा मी."

माऊलीच्या आजीनं त्याच्याकडं जे बघितलं ते त्यानं मान खाली न घालता सोसलं. ती पुढं शिमग्यापर्यंत त्याच्याशी बोलली नाही. त्यानंही तिला समजावलं नाही. कच्च्या विटेला पैलवानानं खांदा दिला तरी ती पक्की होत नाही, एवढंच तो कडूबाईला म्हणाला.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी दुपारी सगळे स्टँडवर एसटीची वाट बघत उभे होते. बजरंग सगळ्यांपासून लांब, खांबाला टेकून उभा. सूर्यभान त्याच्याकडं गेला. रागावला नाही, समजूतही घातली नाही. म्हणाला, सोमवारी शाळा सुटली की भट्टीवर ये, जाळाची वाट बघायची राहिलीय तुझी. आणि जाता जाता म्हणाला की, यापुढं स्वतःचं खोडायच्या आधी तेच परत करून बघ. दोनदा तेच आलं तर देव खाली उतरला तरी खोडायचं न्हाई.

मग तो सिद्धोधन सरांकडं वळला. म्हणाला, बोरी गेली, जागा रिकामी झाली, पोरांना बसायला तिथं कायतरी पायजे. मागच्या भिंतीला मी एक कट्टा बांधून देतो. विटा मी निवडून आणीन. सर म्हणाले, फुकट? सूर्यभान म्हणाला, फुकट. सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. म्हणाले, मग मला चौकशी करावी लागेल.

एसटी आली. पंकजा खिडकीशी जाऊन बसली. या वेळी राजेश्रीला तिनं शेजारी घेतलं नाही, दप्तर ठेवलं. सूर्यभान बाकाजवळ येऊन उभा राहिला. गाडी हलली, त्यानं दांडा धरला. ती बाहेर बघत होती. गाव सुटून हिरव्या गव्हाची रानं लागली तेव्हा तिनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. तो बसला.

मग ती म्हणाली, "आबा, तुमी चार दिस समद्यांला विचारलं. माऊलीच्या घरी, पप्पूला, समद्यांला. मला परश्न कोणते होते ते विचारलं असतं तर मी एकेक सांगितला असता."

सूर्यभाननं मान खाली घातली. हे खरं होतं. चौकशी त्यानं माणसांची केली होती, हिशेबाची नाही. स्वतःच्या भट्टीच्या वाटेत तो पालथा पडून कंदिलानं बघत आला होता, आणि या वेळी तोंडाशी उभं राहूनच आत अंधार आहे म्हणून मोकळा झाला होता. असं बरंच त्याच्या मनात आलं, पण तोंडातून एवढंच निघालं:

"चुकलं माझं."

पंकजानं त्याच्याकडं निरखून बघितलं. मग उजव्या हाताचं मधलं बोट वाकवलं, त्याच्या पागोट्याखालच्या कपाळावर दोन टकोरे मारले आणि कान जवळ नेला. पुढच्या बाकावरचा कंडक्टर वळून बघायला लागला.

"कच्ची हाय," ती म्हणाली. "परत भट्टीत घालावी लागल."

सूर्यभाननं पागोटं सरळ केलं. वाजवून सांगितलेला निकाल त्यानं आयुष्यात कधी नाकारला नव्हता.